पाक वाजला पाह्यजे

माह्या आंदणात एक कुकर आला होता, अन् तो मी कधी चुलीवर चढवला नाही, ही आमच्या घरात हसायची गोष्ट होती. फळीवर सगळ्यात वरती तो बसलेला राहे, कंपनीचा कागद तसाच चिकटलेला, अन् त्याच्यात आत्याबाई लसणाचं बेणं ठेवत. आत्याबाई म्हणजे माह्या सासूबाई. कोणी पाव्हणी आली की त्या बोट दाखवून सांगत, "तो पाहा आमच्या सुनेचा कुकर. सालभर लसूण शिजवून राह्यली, अजून शिजला नाही." पाव्हणी हसे, मीही हसल्यावानी करे, अन् गंजातलं वरण हलवत बसे. गंजात तुरीची डाळ शिजायले लय वेळ लागे. सकाळची मोटर चालू होऊन वाफे भिजून जात, मेथी, पालक, सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या बांधून माह्या लेकीचे, आरूचे बाबा मंगरूळच्या बाजारात पोचून जात, दर्ग्याकडच्या रस्त्यावरून एसट्या भोंगे वाजवत निघून जात, तरी माही डाळ दातात कचकच करे. आत्याबाई तरी रागावत नव्हत्या. म्हणत, "भेकाड हाये व पोरगी, पण हाताले चव हाये."

भेव काही उगीच नव्हतं. मेडशीले माह्या माहेरी काकूच्या कुकरच्या शिट्टीत डाळीचं साल अडकलं होतं. मी चौकटीत उभी होती, परकराचं वय. आधी झाकण थरथरलं, मंग जे काही झालं ते मले दिसलंच नाही, नुसता आवाज झाला, अन् पाहतो त झाकण छताच्या टिनाले लागून खाली पडलेलं, अन् काकू भिंतीले पाठ लावून बसलेली, वरणानं न्हायलेली. तिचा हात भाजला तेवढाच, बाकी देवानं राखलं. पण टिनावर तो पिवळा डाग कितीक सालं राह्यला, अन् घरातले सारे त्या डागाले पाहून हसत, मले हसू येत नव्हतं. तवापासून कोणाच्याही घरी कुकर लागला की शिट्टी वाजायच्या आधी ते झाकण जसं थरथरते तसं माह्या छातीत होये, श्वास वरच्यावर राहे, खाली उतरतच नव्हता. नववीत शाळा सुटली, मंग लगन झालं, मंग आरू झाली, पण ते थरथरणं काही सुटलं नाही. दारावर अनोळखी माणूस आला तरी तसंच, डॉक्टरानं काही इचारलं तरी तसंच, तोंडातून शब्द निघत नव्हता.

आता हे लिहून राह्यली त आरू बाजूले बसून पाढे घोकून राह्यली. मंधातच वाकून पाहते अन् म्हणते, आई, किती लंबं लिहितं, मंधात टिंब दे ना. मी म्हटलं, माय, आपल्या बोलण्यात टिंब कुठं असते.

त शिस्टरबाईची गोष्ट. आमच्या मळ्यापासून गावाकडं जायले लागलं की पहिलं घर त्यायचं, दोन खोल्या, पुढं पपईचं झाड, अन् दारावर लाकडाचा लहानसा क्रूस. सरकारी दवाखान्यातून कवाच्या रिटायर झाल्या होत्या, मालक वारलेले, पोरगा पुण्याले. पण आमच्या वस्तीत कोणाले कळा सुरू झाल्या की आधी त्यायलेच हाक जाये, बाळंतपण करायले नाही, संग बसायले. आरूच्या वेळी ऑटोत त्या माह्या डोक्याशी बसल्या. त्यायचे हात तवाच कापायले लागले होते, चहा पेताना कप बशीवर वाजे, पण आवाज कापत नव्हता. मी श्वास कोंडून धरलेला, डोळे पांढरे. त्या म्हणाल्या, "अश्विने, असं दाबून धरू नको. कुकरसारखी वाफ सोडत जाय. शिट्टी वाजव."

आता साऱ्या दुनियेत त्यायले कुकरच सापडला. मी म्हटलं, "शिस्टरबाई, दुसरं काही सांगा व."

"बरं," म्हणाल्या, "मंग घाट चढणारी एसटी समज."

कळा चालू असतानी मले हसू आलं. अन् हसताना श्वास सुटला. आरू एसटीवर झाली असं आत्याबाई अजूनही सांगतात, अन् लोकायले वाटते बसमंधी झाली.

तवापासून रोज सकाळी मी आरूले कडेवर घेऊन त्यायच्याकडं मेथी घेऊन जायले लागली. मेथी निमित्ताचीच. त्यायले जुडी सोडता येत नव्हती, मी पानं खुडून देई, त्यायचा अंबाडा घालून देई, सुईत दोरा ओवून देई. घरी सारा दिवस मोटरचा आवाज, तराजूचा आवाज, कोणी मजूर पाणी मांगे, कोणी पोतं मांगे, मी पळतच राहे. शिस्टरबाईच्या सैपाकखोलीत मात्र घड्याळ ऐकू ये. तिथं बसली की माहा श्वास आपोआप खाली उतरे. आरू रांगायची सोडून चालायले लागली, अन् पहिल्यांदा जे काही शब्द बोलली त्याच्यात एक शिस्टरबाईचा होता. तिले 'शिस्टर' म्हणता येत नव्हतं. ती 'शिट्टी' म्हणे. शिस्टरबाईले त्याचा लय आनंद. मले म्हणत, "पाहा, तुह्या लेकीनं शिट्टीशी दोस्ती केली, तू कवा करतं?"

थंडी पडली. नाताळ जवळ आला. एक दिवस मी मेथी खुडत बसली होती त त्यायच्या पोराचा फोन आला, अनिलदादाचा. फोन हातात धरवत नव्हता म्हणून त्या स्पीकर लावून टेबलावर ठेवत. अनिलदादाची भाषा पुण्याची झालेली. म्हणाले, "आई, तू गेल्या महिन्यात न्हाणीत पडलीस ते मला शेजाऱ्यांकडून कळतं. असं एकटं नाही राहायचं आता. मी नाताळाला येतोय, येताना मोठी बॅग आणतोय. तुझे कपडे भरायचे आणि निघायचं."

शिस्टरबाई म्हणाल्या, "ये. हॅम खायले ये."

"तू हॅम करणार? या हातांनी?"

"दरसाली कोण करते?"

मंग म्हणाले, "ठीक आहे. तू जर नाताळाचा हॅम नेहमीसारखा करून वाढलास, तर मी एक शब्द बोलणार नाही. नाही जमला, तर बॅग भरायची."

फोन बंद झाल्यावर शिस्टरबाईनं आपले दोन्ही हात टेबलावर ठेवले अन् त्यायच्याकडं पाहत बसल्या, जसे काही ते दुसऱ्याचे हायेत. मंग म्हणाल्या, "त्याच्या घरी लिफ्टनं जा लागते अश्विने. खिडकीतून खाली पाह्यलं त माणसं मुंग्यावानी. तिथं सकाळी कोणी मेथी घेऊन येत नाही." अन् माह्याकडं वळून, "तुह्ये हात देतं काय मले? दोन दिवसायपुरते?"

मी हो म्हणून बसली. काय करायचं ते इचारलंच नाही. मंग समजलं की हॅम कुकरात होते.

शिस्टरबाईच्या माईले मिशनच्या मडमेनं शिकवला होता, भट्टीतला. शिस्टरबाईकडं भट्टी नव्हती, म्हणून त्यायनं तो कुकरात बसवला, अन् अनिलदादा लहानपणापासून कुकरातलाच खाऊन मोठे झाले. मी घरी येऊन आत्याबाईच्या बाजूले पालकाच्या जुड्या बांधायले बसली. हात चालू, छातीत थरथर. म्हटलं, "शिस्टरबाईले हाम करायचा हाये. मले मदतीले बलावलं."

"आम? या थंडीत आम कुठून येईन व?"

"आम नाही आत्याबाई. हाम. इंग्रजी हाये."

"म्हणजे काय असते?"

मी खाली पाह्यलं. "डुकराचं."

आत्याबाईच्या हातातली जुडी तशीच राह्यली. आमच्या घरी कोंबडी शिजली तरी आंगणातल्या चुलीवर, वेगळ्या गंजात, अन् तो गंज गोठ्यात उपडा राहे. मी म्हटलं, आता संपलं. आत्याबाईनं सुतळीची गाठ दातानं ओढली, जुडी टोपल्यात टाकली, दुसरी घेतली, तीही बांधली. मंग म्हणाल्या, "तू मले हे सांगतलंच नाही. समजलं काय? ती बाई तुह्या उशाशी बसली होती. तिचं काम असन त माहे डोळे मिटलेले. घरी आली की आंगणातच आंघोळ करजो, साडी भायेरच भिजू घालजो, मंग लेकराले हात लावजो."

मी मान हालवली. थोड्या वेळानं त्यायच्यानं राहवलं नाही. "पण करतेत कसं व ते?"

"शिजवतेत, अन् वरून गुळाचा पाक चढवतेत."

"गुळाचा?" आत्याबाईचा चेहराच बदलला. सक्रातीच्या तिळाच्या चिक्कीसाठी आमच्या साऱ्या वस्तीत त्यायचं नाव. बायका पाकाची कढई उतरवायच्या आधी त्यायले बलावून नेत. "मंग मले इचार ना. शिस्टरबाईले पाकातलं काय समजते, तिची सारी उमर सुया टोचण्यात गेली. ऐक. पाक कच्चा ठेवू नको. थेंब पाण्यात टाकायचा, गोळी झाली की ती काढून वाटीत आपटायची. टण्ण वाजली पाह्यजे. नाही वाजली त बोटाले चिकटते, दाताले चिकटते, पाव्हण्यासमोर लाज जाते." अन् उठून आतून मूठभर तीळ आणले, पदराच्या टोकात बांधून देले. "वरून हे टाकजो. नुसता पाक उघडा दिसते."

हॅमचा तुकडा नागपुरावरून एसटीनं आला, थर्माकोलच्या डब्यात, मिठात मुरवलेला. शिस्टरबाईनं मले तो त्यायच्याच घरी रातभर पाण्यात घालायले सांगतलं होतं, मीठ निघायले. सकाळी पाण्यातून वर काढला त मी पाहतच राह्यली. गोरा, गुलाबी, गुळगुळीत, आरूच्या मांडीवानी. मले कसंसंच झालं. मी जाऊन आधी आरूले उचलून घेतलं, मंग खाली ठेवलं, तिच्या हातात पळी देली. शिस्टरबाई खुर्चीवर बसून सारं पाहून राह्यल्या होत्या. म्हणाल्या, "पेशंट समज. पेशंटले भेत नाही कोणी, पेशंटच आपल्याले भेते."

कांद्यात लवंगा टोचल्या, काळे मिरे टाकले, तेजपान टाकलं, पाणी घातलं. त्यायचा कुकर जुना, दांड्याले तार गुंडाळलेली. मी झाकण हातात घेतलं अन् तिथंच उभी राह्यली. आता खरं सांगतो, मले वाटलं घरी पळून जा, आत्याबाई रागावल्या त रागावल्या. शिस्टरबाईनं इचारलं, "काय झालं?" मी कधी कोणाले सांगतलं नव्हतं, ते त्या दिवशी सांगतलं, काकूचं, टिनाचं, पिवळ्या डागाचं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "झाकण वर धर. खिडकीकडं. शिट्टी काढ अन् त्या भोकाले डोळा लाव."

लावला.

"उजेड दिसते काय?"

"दिसून राह्यला."

"मंग वाफेले वाट हाये. जिथून उजेड येते तिथून वाफ जाते. काकूनं पाह्यलं नसन. तू रोज पाहत जाय. एवढंच असते."

झाकण लावलं, शिट्टी बसवली, गॅस पेटवला, अन् मी दारापाशी जाऊन उभी राह्यली. शिस्टरबाई म्हणाल्या, "इथं ये." मी गेली. त्यायनं माहा हात धरला. माहा हात कापे भेवानं, त्यायचा कापे बिमारीनं, थोड्या वेळानं दोन्ही एकाच तालावर कापायले लागले. झाकण थरथरायले लागलं. माहा श्वास वर गेला. शिस्टरबाई हळूच म्हणाल्या, "एसटी." अन् मी जोरानं फू करून श्वास सोडला, अन् त्याच वेळी कुकरनं सोडला. आरूनं पळी टाकून देली, कुकरकडं नाही, शिस्टरबाईकडं पाह्यलं अन् टाळ्या वाजवल्या. "शिट्टी! शिट्टी!"

आमी दोघी इतक्या हसलो की शिस्टरबाईच्या डोळ्याले पाणी आलं.

मंग गॅस बारीक करून तो लय वेळ ठेवला. बंद केल्यावर मी शिट्टी उचलून वाफ काढायले गेली त त्यायनं थांबवलं. "घाई नाही करायची. दबलेलं हाये, त्याच्या चालीनं सुटू द्या लागते." साऱ्या घरात लवंगाचा वास भरला होता, लग्नातल्या मसाल्यावानी. झाकण निघालं, तुकडा ताटात काढला, वरची साल सुटून आली, अन् खालच्या पांढऱ्या चरबीवर त्यायनं मले सुरीनं रेघा मारायले लावल्या, आडव्या, मंग तिरप्या. म्हटलं, हे त शंकरपाळे हायेत. एकेका शंकरपाळ्यात एकेक लवंग रोवली. मले आता भेव नव्हतं, उलट लय आवडून राह्यलं होतं, आपल्याले काही येते असं वाटून राह्यलं होतं, अन् माणसाले असं वाटलं की घोळ होतेच.

तेवढ्यात पुढच्या आंगणात ढोलकी वाजली. चर्चची पोरंपोरी गाणे म्हणायले आली होती. शिस्टरबाई काठी घेऊन उठल्या. म्हणाल्या, "कढईत गूळ, संत्र्याचा रस, मोहरीची पूड. चमच्याले धरला की लगेच उतरव अन् वरून सोड. मी आलीच." त्या गेल्या, आरूही त्यायच्या मागं गेली. मी पाक चढवला. फसफसला, वर आला, खाली बसला, चमच्याले धरला. चमच्याले धरला, पण बोटाले चिकटून राह्यला होता. म्हटलं, हा त कच्चा हाये. शिस्टरबाईची उमर सुया टोचण्यात गेली. वाटीभर पाणी घेतलं, थेंब टाकला, मऊ. आणखी हालवला. थेंब टाकला, गोळी झाली पण दबली. भायेर गाणं चालू, आत मी अन् कढई. मंग एक थेंब टाकला, काढला, वाटीत आपटला, अन् तो वाजला, टण्ण, आत्याबाईच्या चिक्कीवानी. मी तीळ टाकले अन् गरम गरम पाक त्या तुकड्यावर चारी बाजूनं ओतला. काय चमकला. शिस्टरबाई गाणं संपवून आल्या, दारातूनच पाहून म्हणाल्या, "वा व पोरी, आरसा हाये आरसा." त्यायनं हात लावून पाह्यला नाही. जाळीखाली झाकून ठेवला. संध्याकाळी अनिलदादा यायचे होते, त्याच्या आधीच मी मागच्या दारानं घरी गेली, आंगणात आंघोळ केली, अंगावर थंडीचे काटे, अन् आत्याबाईनं आतूनच इचारलं, "वाजला काय?"

"वाजला."

"मंग झालं," त्या म्हणाल्या.

नाताळाच्या दुपारी मी ठरल्यापरमानं मेथीची जुडी घेऊन गेली, जशी काही रोजची भाजीवाली. शिस्टरबाईनं मले अन् आरूले आत बसवलं, केक देला. टेबलावर धुतलेली चादर, मंधात तो हॅम. अनिलदादा स्वेटर घालून खुर्चीवर, केस पिकायले लागलेले, माणूस वाईट नव्हता, थकलेला दिसे. कोपऱ्यात त्यायची मोठी बॅग, रिकामी, चेन उघडी, पोट खपाटीले गेलेलं. माही नजर घडीघडी त्या बॅगेकडं जाये. अनिलदादा हॅमकडं पाहून म्हणाले, "आई, मला वाटलं नव्हतं हं." शिस्टरबाई हात मांडीवर रुमालाखाली झाकून बसल्या होत्या. त्यायनं प्रार्थना म्हटली. अनिलदादानं सुरी घेतली.

टक्.

सुरी सरकली. त्यायनं पुन्हा लावली. पुन्हा सरकली, अन् एक लवंग उडून केकवर जाऊन पडली. शिस्टरबाई म्हणाल्या, "जरा जोर लाव." त्यायनं उभं राहून जोर लावला, ताट फिरलं, हॅमले ओरखडाही नाही. मंग त्यायनं बोटाच्या पेरानं त्याच्यावर ठोकून पाह्यलं, दार ठोकल्यावानी, ठक ठक.

"आई," ते म्हणाले, "हा शिजवलाय की घडवलाय?"

मले समजलं. पाक रातभर थंडीत बसून चिक्कीचा पत्रा झाला होता. अनिलदादा वाकून पाहून राह्यले. "तीळ? हॅमला तीळ कधीपासून?" शिस्टरबाई म्हणाल्या, "औंदा लावले." पण त्या आवाजाले खोटं बोलायची सवय नव्हती. अनिलदादानं सुरी खाली ठेवली, आईच्या मांडीवरचा रुमाल पाह्यला, त्याच्याखाली चाललेली हालचाल पाह्यली. अन् एकदम आवाज उतरवून म्हणाले, "तू नाही केलेला हा. तुझ्यानं होत नाही आता. मी तेच म्हणत होतो ना, आई." अन् त्यायनं बॅगेकडं पाह्यलं.

शिस्टरबाईनं मान खाली घातली. त्यायची मान खाली गेलेली मी कधी पाह्यली नव्हती. माह्या छातीत झाकण थरथरायले लागलं, तेच, टिनाखालचं, अन् मी उभी राह्यली, हातात मेथी तशीच, अन् तोंड उघडलं.

म्हटलं, "म्या केला दादा, माह्या हातानं केला, पाक माह्या सासूनं सांगतला तो चिक्कीचा होता, त्यायचं काही चुकलं नाही, त्यायनं चमच्याले धरला की उतरव म्हटलं होतं, मीच वाजवून पाह्यला, अन् मी रोज येतो, मेथी त निमित्ताची हाये, मी अंबाडा घालून देतो, न्हाणीत आता दगड टाकला खरबडा, आत्याबाई संध्याकाळी कंदील लावायच्या येळी डोकावून जातेत, आमचा मळा ओरडलं त ऐकू येते येवढा जवळ हाये, तुमी म्हणता त्या एकट्या हायेत, त्या एकट्या नाहीत, त्यायले हात नाहीत एवढंच, अन् मले हात हायेत पण मले भेव वाटते, साऱ्याचंच वाटते, तुमचंही वाटून राह्यलं, अन् त्या बाजूले बसल्या की नाही वाटत, काल म्या कुकर लावला दादा, जनमात पहिल्यांदा, तुमी त्यायले नेसान त मले भोकातून पाह्य म्हणून कोण सांगन."

तिथं माहा दम संपला. खोलीत घड्याळ ऐकू येऊन राह्यलं. मी इतकं कोणासमोर बोलली नव्हती, आरूच्या बाबासमोरही नाही. आरू माही साडी धरून उभी होती, ती हळूच गेली अन् शिस्टरबाईच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "शिट्टी." अनिलदादानं इचारलं, "काय म्हणतेय ही?" शिस्टरबाई म्हणाल्या, "माहं नाव घेऊन राह्यली."

अनिलदादानं त्या हॅमवर पुन्हा एकदा बोट वाजवून पाह्यलं. मंग म्हणाले, "बत्ता आहे का घरात?"

मी पळतच सैपाकखोलीतून बत्ता आणला. त्यायनं बाही वर सरकवली, निशाण धरलं, अन् हाणला. पत्रा तडकला, एक तुकडा टेबलावरून थेट बॅगेत जाऊन पडला. शिस्टरबाई हसल्या. त्यायनं पुन्हा हाणला. पाकाचे मोठमोठे तुकडे सुटले, अन् खालून गुलाबी हॅम निघाला, वाफेनं मऊ झालेला, सुरी लावायच्या आधीच फाटून येऊन राह्यला. अनिलदादानं उभ्या उभ्याच एक घास मांस अन् एक तुकडा चिक्की संगच तोंडात टाकली. कडकडा चावली. लवंग, संत्रं, तीळ. अन् पुण्याची भाषा गळून पडली त्यायची. म्हणाले, "आई, हे त लय झकास होऊन राह्यलं व."

शिस्टरबाईचे हात रुमालाच्या भायेर आले.

घरी आत्याबाईले मी सारं सांगतलं. बत्त्यानं फोडा लागला म्हटल्यावर त्यायले काहीच वाईट वाटलं नाही. "मंग," म्हणाल्या, "चांगल्या पाकाले बत्ताच लागते."

अनिलदादा निघाले त्या दिवशी सकाळी आमच्या मळ्यातून वांगे, आलू, तुरीच्या शेंगा अन् शेजारच्या बगीच्यातले संत्रे जाऊन त्या बॅगेत पडले. ते म्हणत राह्यले पुरे, पुरे, आत्याबाई भरत राह्यल्या. चेन लागेना त आत्याबाईनं गुडघा देऊन लावली. ऑटोत बसताना ते मले म्हणाले, "वहिनी, पुढच्या नाताळाला बत्ता मोठा ठेवा." शिस्टरबाई फाटकात उभ्या होत्या. त्यायनं निरोपाचा हात वर केला, तो हालवून राह्यल्या होत्या की कापून राह्यला होता ते काही समजलं नाही, पण ऑटो वळणावर गेला तरी वरच होता.

मी घरी आली. फळीवर चढून माहा कुकर खाली काढला, लसूण सुपात ओतला, कागद नखानं खरवडून काढला, झाकण धुतलं. मंग दारात उभी राहून, शिट्टी काढून, भोकाले डोळा लावला. उजेड दिसला. उजेडात आंगण दिसलं, अन् आंगणात जुड्या बांधत बसलेल्या आत्याबाई, तिळाएवढ्या. त्यायनं वर पाह्यलं, माह्या हातातलं झाकण पाह्यलं, मंग सुपातला लसूण पाह्यला.

"बरं झालं," म्हणाल्या. "पण मंग माहा लसूण कुठं राहीन?"